बाजारपेठ सुधारण्यासाठी व्यापाऱ्यांनी एकत्र कसे यावे?

प्रश्न (मालवण):
पावसाळ्यात आमच्या पेठेतील गटार तुंबून पाणी दुकानाच्या उंबऱ्याला लागते. परदेशात व्यापारी स्वतःवर आकारणी लावून घेऊन आपला बाजार सुधारतात, असे वाचनात आले. आपल्याकडे हे शक्य आहे का?

उत्तर (चिपळूण):
ही पद्धत १९७० मध्ये टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये सुरू झाली. इंग्लंडमध्ये व्यापाऱ्यांचे मतदान होते आणि मतांची संख्या व मत देणाऱ्यांच्या मालमत्तांचे करपात्र मूल्य, अशा दोन्ही मोजमापांनी बहुमत मिळाले, तरच ती आकारणी सर्वांना बंधनकारक ठरते, तीही जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. आपल्या व्यापारी संघाला मात्र अशी सक्ती करता येत नाही. म्हणून किमान सात जणांनी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था नोंदवावी, ऐच्छिक वर्गणी ठरवावी आणि नगरपरिषदेशी लेखी करार करावा.

उत्तर (वेंगुर्ले):
करारात गटारसफाई नगरपरिषदेकडेच ठेवा. वर्गणी जादा दिवे, फलक आणि सफाईच्या जादा फेरीसाठी वापरा. त्याआधी वही घेऊन पेठ पायी फिरा, प्रत्येक फुटलेली फरशी नोंदवा, आणि भाडेकरू दुकानदारांना व मासळी विकणाऱ्या बायकांना पहिल्याच बैठकीला बोलवा, कारण गणपतीच्या गर्दीत रस्ता मोकळा राहणे त्यांच्याच हाती असते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. रविवारी वही घेऊन निघतो.