इटलीत रेल्वेने: तिकिटं आधीच काढावीत की ऐनवेळी?

रुळावरचा:
जूनमध्ये रोम, ऑर्व्हिएतो, फ्लोरेन्स, बोलोन्या, व्हेनिस करणार असाल तर सगळी तिकिटं दोन-तीन महिने आधीच काढा. फ्रेच्चारोस्सा, इतालो या वेगवान गाड्यांचे दर विमानासारखे चढतात. रोम-फ्लोरेन्स दीड तासात, नंबरची सीट, एसी. रेजिओनाले, म्हणजे तिकडची पॅसेंजर, त्याच अंतराला साडेतीन-चार तास खाते.

सावकाश_चला:
'सगळी' म्हणालात तिथेच गडबड आहे. ऑर्व्हिएतो यादीत तुम्हीच घातलंय, आणि जवळपास सगळ्या वेगवान गाड्या तिथे थांबतच नाहीत. रेजिओनालेचा दर ठरलेला. आज काढा नाहीतर गाडी सुटायच्या आधी. गाव उंच कड्यावर, स्टेशन खाली, समोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोरावर ओढली जाणारी छोटी रेल्वे, वर जाते. वर उतरलं की लगेच सान पात्रित्झिओची विहीर: ५३ मीटर खोल, उतरायला एक जिना, चढायला दुसरा, दोन्ही कुठेही एकमेकांना आडवे येत नाहीत. पायऱ्या २४८. हे काय घड्याळ बघत करायचं? बोलोन्या-व्हेनिसलाही फरक जेमतेम अर्ध्या तासाचा, आणि वाटेत फेर्रारा, पादोव्हा.

रुळावरचा:
पादोव्हात जोत्तोची भित्तिचित्रं बघायची तर स्क्रोवेन्यी चॅपेलची वेळ आधीच बुक करावी लागते. झालं, ऐनवेळचं स्वातंत्र्य संपलं! शिवाय रेजिओनालेचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घेतलं नाही, किंवा मोबाइलवरच्याचं चेक-इन केलं नाही, तर दंड. नवखे हमखास इथेच अडकतात.

सावकाश_चला:
हे मान्य. फ्लोरेन्स-बोलोन्यालाही वेगवानच घ्या, पाऊण तासाच्या आत पोचवते. बाहेर बघायला नुसते बोगदे. पण बोलोन्यात जमिनीखालच्या १६ ते १९ नंबरच्या फलाटांवर उतरलात तर सामानासकट वर यायलाच वेळ जातो. पुढची गाडी १० मिनिटांवर ठेवू नका.

कोथरूडकर:
दोघंही भारतीय पासपोर्ट विसरलात. फ्रेच्चारोस्साच्या सर्वात स्वस्त 'सुपर इकॉनॉमी' तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. शेंगेन व्हिसा हाती नसताना ते काढणं म्हणजे बाजारात तुरी! तोवर 'बेस' घ्या. महाग पडतं, पण बदलता येतं. आणि व्हेनिसचं तिकीट 'सान्ता लुचिया'पर्यंतचं हवं, 'मेस्त्रे' खाडीच्या अलीकडेच राहतं.

रुळावरचा:
व्हिसा येईपर्यंत स्वस्त तिकिटं संपली तर?

कोथरूडकर:
तर ऑर्व्हिएतोमार्गे रेजिओनाले आहेच की.