सावरीवरचे पक्षी काळे का येतात?

सावरीच्या झाडावर बसलेल्या पक्ष्यांचे फोटो नुसते काळे येतात, अशी अनेकांची तक्रार असते. मागचं आभाळ उजळ असल्याने कॅमेरा फसतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची कॅमेऱ्यातली सोय) +१ किंवा थोडं जास्त ठेवा, सकाळचं ऊन पाठीशी घ्या. शक्य असेल तर जिन्याच्या खिडकीतून, फुलांच्या उंचीवरून काढा. फरक लगेच दिसेल.

आमच्या बोरिवलीच्या आवारातल्या सावरीवर सध्या एकही पान नाही, नुसती लाल फुलं. भोरड्या (गुलाबी मैना) जाड पाकळ्यांच्या पेल्यात डोकं खुपसतात आणि वर येतात तेव्हा कपाळाला पराग चिकटलेले असतात. काय सुंदर दिसतं ते! शटरचा वेग १/१००० सेकंदापेक्षा मंद नको. आधी यांनाच टिपा, कारण एप्रिलच्या सुमारास त्या मध्य आशियाकडे निघतात. शिंजीर (फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी) काय, वर्षभर आहेतच (नराच्या गळ्याची चमक मात्र ऊन ठरावीक कोनातून पडलं तरच दिसते).

एक कळकळीची विनंती. तांबट पक्षी आता वाळक्या फांद्यांत ढोली कोरताहेत. फोटोसाठी ढोलीला खेटू नका, मोबाइलवर त्यांचा आवाज तर मुळीच वाजवू नका, जोडी बिथरते. आणि सोसायटीने ती फांदी छाटायला काढली असेल, तर पिल्लं उडेपर्यंत तेवढं थांबवा.