पीसी गेम कुठून घ्यावेत? आणि हल्ली कोणते खेळलात?

मुलुंडकर

नमस्कार मंडळी,

लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी नवा डेस्कटॉप जोडलाय. 16 जीबी रॅम, आरटीएक्स 3060 ग्राफिक कार्ड. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून एज ऑफ एम्पायर्स आणि कमांडोज खेळायचो. पुढे नोकरी, घर, हप्ते यांत ते सगळं मागे पडलं. आता रात्री जेवणं झाली की तासभर मिळतो आणि तो चांगल्या खेळावर घालवायचाय.

सीडीचा जमाना गेला. स्टीम, एपिक, गॉग अशी ऑनलाइन दुकानं दिसतात. पैसे कुठे टाकावेत? मुलगी आठवीत आहे, तिच्याकडे ग्राफिक कार्ड नसलेला जुना लॅपटॉप आहे. दोघांसाठी एकच गेम दोनदा घ्यावा लागतो का? आणि तुम्ही स्वतः खेळलेले, मनापासून आवडलेले गेम सांगा. नुसता गोळीबार नको. महिन्याला हजाराच्या आत बसवायचंय.

पार्लेकरीण

स्टीम. भाव रुपयांत, यूपीआय चालतं, आणि घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. आपल्या मशिनवर गेम अडखळतोय का, हे बघायला तेवढा वेळ पुरतो. शिवाय खेळलेल्या लोकांचे अभिप्राय तिथेच वाचायला मिळतात. एकूण मत आणि गेल्या 30 दिवसांतलं मत वेगवेगळं दिसतं. एखाद्या अपडेटने गेम बिघडला असेल तर तिथे लगेच कळतं. घेण्याआधी मी ते वाचतेच.

गिरगावकर

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण आमच्याकडे हेच चालतं.

स्टीमवर 2024 पासून ‘स्टीम फॅमिलीज’ आहे. एकाच घरातले सहा जण एका कुटुंबात येऊ शकतात आणि प्रत्येकाने घेतलेले गेम सगळ्यांना दिसतात. पूर्वी एक जण खेळत असला की त्याची अख्खी लायब्ररी बाकीच्यांना बंद व्हायची. आता घरातल्या पुस्तकांच्या कपाटासारखं आहे: तुम्ही एक पुस्तक वाचताय, मुलगी दुसरं वाचू शकते, फक्त तेच पुस्तक त्याच वेळी दोघांना मिळत नाही. दोघांनी एकत्र खेळायचं असेल तर दोन प्रती लागतात. तिची सेव्ह फाइल वेगळी राहते, तुमची वेगळी. मुलाचं खातं केलंत तर किती वेळ खेळायचं ते ठरवता येतं. तिला काही घ्यायचं असेल तर ती तुमच्याकडे विनंती पाठवते, पैसे तुम्ही भरता.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. सगळे गेम वाटून घेता येत नाहीत. ज्यांना दुसऱ्या कंपनीचं वेगळं खातं लागतं त्यातले बरेच वगळलेले असतात, म्हणून घेण्याआधी दुकानातल्या पानावर ‘फॅमिली शेअरिंग’ लिहिलंय का ते बघा. दुसरं म्हणजे कुटुंबातून बाहेर पडलं तरी, त्यात आल्यापासून एक वर्ष होईपर्यंत नव्या कुटुंबात जाता येत नाही. मित्राला किंवा भाच्याला गंमत म्हणून आत घेऊ नका. कुटुंबातल्या कुणी तुमच्या प्रतीवर ऑनलाइन फसवाफसवी केली तर बंदी तुमच्यावरही येते.

अजून एक. बाल्डर्स गेट 3 सारखा गेम 150 जीबी जागा मागतो. 100 एमबीपीएसच्या लाइनवर तेवढं उतरायला तीन तासांच्या वर जातात. घरात दोन मशिनवर हवा असेल तर पुन्हा नेटवरून ओढू नका. दोन्हींवर स्टीम चालू ठेवलं की एका मशिनवरून दुसऱ्यावर घरच्या वायफायनेच कॉपी होतो. ही सोय 2023 पासून आहे. (बाल्डर्स गेट मुलीला देऊ नका, तो मोठ्यांचा खेळ आहे. तिचा लॅपटॉपही तो ओढणार नाही.)

विरारफास्ट

एपिकचं खातं तर काढाच, त्याला पैसे लागत नाहीत. दर गुरुवारी फुकट गेम मिळतो. आपल्याकडे रात्री साडेआठला, हिवाळ्यात साडेनऊला. आठवड्याच्या आत ‘घ्या’ दाबलं की तो कायमचा तुमच्या खात्यात. मी ऑफिसहून येताना गाडीत फोनवरच घेऊन ठेवतो. 2020 च्या मे महिन्यात त्यांनी जीटीए 5 फुकट दिला होता तेव्हा गर्दीने त्यांची साइट बसली होती, आठवत असेल काहींना.

पैसे देऊन मात्र मी तिथे क्वचितच घेतो. परतीचा नियम स्टीमसारखाच आहे, 14 दिवस आणि दोन तास. पण लोकांचे लिखित अभिप्राय नाहीत, नुसते तारे. 2018 ला सुरू झालेल्या दुकानात एकावेळी दोन वस्तू घ्यायला टोपली यायला 2021 चा डिसेंबर उजाडला. एक बाजू त्यांचीही मांडतो: गेम बनवणाऱ्याकडून ते जास्तीत जास्त 12 टक्के घेतात, स्टीम सुरुवातीला 30 घेतं. लहान स्टुडिओला हा फरक मोठा आहे. आणि ॲलन वेक 2 पीसीवर फक्त एपिकवरच मिळतो. भीतीचं वावडं नसेल तर तो सेलमध्ये जरूर घ्या.

परळचा

मुलुंडकर, सगळे सोयीबद्दल बोलतायत, मी मालकीबद्दल बोलतो. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो.

स्टीमवर पैसे भरताना आता स्पष्ट लिहून येतं की तुम्ही गेमचा परवाना घेताय. म्हणजे खेळायची परवानगी. ती कुठवर जाते ते ‘द क्रू’ या गाड्यांच्या गेममध्ये दिसलं. 2014 चा गेम, लोकांनी पूर्ण पैसे मोजलेले. 31 मार्च 2024 ला तो काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने सर्व्हर बंद केले आणि गेम एकट्याने खेळायलाही उरला नाही. पाठोपाठ लोकांच्या खात्यांतून परवानेही काढून घेतले. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या अर्जावर 10 लाखांहून जास्त सह्या झाल्या.

गॉगवर हे होत नाही. 2008 मध्ये सुरू झालेलं हे दुकान विचर आणि सायबरपंक हे गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने काढलं. तिथल्या गेमना कुलूप नसतं. इन्स्टॉलरची फाइल उतरवून हार्ड डिस्कवर ठेवायची, नेट असो नसो, उद्या दुकान असो नसो, गेम चालतो. लाँचर, म्हणजे दुकानाचं ॲप, लागत नाही. परतीची मुदत 30 दिवस, आणि गेम खेळलेला असला तरी चालतं. लोकांवर एवढा विश्वास टाकणारं दुसरं दुकान मला माहीत नाही, म्हणून त्या सवलतीचा गैरफायदा कुणी घेऊ नये असं मनापासून वाटतं.

अडचण पैशांची. मी घेतले तेव्हा भाव डॉलरमध्ये होते. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावा लागला आणि वर बँकेचा परकीय चलनाचा आकार. स्टीमचा रुपयांतला भाव बऱ्याचदा कमी पडतो. नवे मोठे गेमही सगळे तिथे येत नाहीत. त्यामुळे माझा रिवाज असा: एकदा खेळून सोडून द्यायचा तो स्टीमवर, दहा वर्षांनीही उघडावासा वाटेल तो गॉगवर. ‘इझ देअर एनी डील’ या साइटवर गेमचं नाव टाकलं की सगळ्या दुकानांतला आजचा भाव आणि आजवरचा सगळ्यात कमी भाव दोन्ही दिसतात. घाईने काहीही घ्यायची गरज नाही, जवळजवळ प्रत्येक गेम कधी ना कधी सेलमध्ये येतो.

तुम्ही कमांडोज म्हणालात म्हणून खास सांगतो. जुने कमांडोज गॉगवर आहेतच, पण त्याच पठडीतले नवे खेळ म्युनिकच्या मिमिमी स्टुडिओने केले: 2016 चा शॅडो टॅक्टिक्स, 2020 चा डेस्परॅडोज 3 आणि 2023 चा शॅडो गॅम्बिट. वरून दिसणारा नकाशा, पहारेकऱ्यांच्या नजरेचे हिरवे पट्टे, हाताशी चार-पाच माणसं आणि प्रत्येकाची वेगळी करामत. डेस्परॅडोजमध्ये वेळ थांबवून तिघांच्या चाली आधी लावून ठेवता येतात. मग एक बटण दाबायचं आणि तीन पहारेकरी एकाच क्षणी आडवे. ते जमतं तेव्हाचं समाधान मला इतर कुठल्या खेळात मिळालेलं नाही. सेव्ह करून मिनिट झालं की गेमच आठवण करून देतो, त्यामुळे रात्रीच्या एका तासात तो नीट बसतो. शॅडो गॅम्बिटनंतर स्टुडिओ बंद झाला याचं मला खरंच वाईट वाटतं. शॅडो टॅक्टिक्सपासून सुरू करा, सेलमध्ये फार स्वस्त असतो.

पार्लेकरीण

परळचा यांचा मुद्दा पटला, पण घरात मुलगी असताना फॅमिलीची सोय मला मालकीहून मोठी वाटते. शंभर टक्के माझंच हवं असा हट्ट मी दोन-चार खेळांपुरताच धरीन.

खेळांबद्दल. लेकीच्या लॅपटॉपवर स्टारड्यू व्हॅली बिनधास्त चालेल. एका माणसाने बनवलेला 2016 चा गेम, आणि 2024 मध्येसुद्धा मोठी भर फुकट मिळाली. शेती, मासेमारी, गावातल्या लोकांशी ओळखी. बलाट्रो पत्त्यांचा आहे, पोकरच्या हातांवर गुण मिळतात, पण खरे पैसे कुठेच लागत नाहीत. ‘वेन्बा’ मला फार आवडला. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईची फाटलेली पाककृतींची वही, आणि खाडाखोड झालेल्या ओळी अंदाजाने जुळवून आपण इडली, बिर्याणी करायची. मुलगा हळूहळू घरच्या भाषेपासून दूर जातो ते बघताना मी रडले. दीड-दोन तासांत संपतो हे मात्र लक्षात ठेवा. काहींना तेवढ्यासाठी पैसे जास्त वाटतील. मला वाटले नाहीत.

आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ खेळा. 2020 चा आहे. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी वाडे, कळसूत्री आणि सावल्यांचे खेळ, निवेदनाला दुर्गा आणि विष्णू. लढाई जरा जाडीभरडी आहे आणि शेवट अर्धवट वाटतो. पण भिंतींवरची चित्रं बघत मी तिथे रेंगाळले.

विरारफास्ट

तुमच्या 3060 साठी एक नाव: क्लेअर ऑब्स्क्युअर, एक्स्पिडिशन 33. एप्रिल 2025 चा, फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल स्टुडिओचा. 2025 च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम ठरला. दूरवर एक चित्रकर्ती दरवर्षी एक आकडा रंगवते आणि त्या वयाची सगळी माणसं नाहीशी होतात. आकडा दरवर्षी एकाने उतरतो. सुरुवातीचा निरोपाचा प्रसंग बघितल्यावर मी बराच वेळ काही न करता बसून राहिलो. लढाई आळीपाळीने आहे, पण शत्रूचा वार नेमक्या क्षणी परतवावा लागतो, त्यामुळे बोटं जागी राहतात. ग्राफिक्स मध्यमवर ठेवा. संगीतासाठी हेडफोन लावा. हजारात हा नव्या भावाने बसणं कठीण, सेलची वाट बघा.

गिरगावकर

मायक्रोसॉफ्टच्या गेम पासबद्दल (दरमहा वर्गणी भरून बरेच गेम खेळायची योजना) कुणी लिहिलं नाही. एक्स्पिडिशन 33 आणि सिल्कसाँग (उड्या आणि लढायांचा गाजलेला गेम) दोन्ही पहिल्या दिवसापासून त्यावर होते, ही मोठी गोष्ट. पण ऑक्टोबर 2025 मध्ये त्याचे भाव बरेच वाढले. रोज तासभरच खेळणाऱ्याने दरमहा पैसे भरावेत असं मला वाटत नाही. एखादा महिना घेऊन ठरवलेला गेम संपवायचा असेल तर ठीक.

आणि अर्ध्या किमतीत नुसते कोड विकणाऱ्या साइट असतात, तिथे अजिबात जाऊ नका. कोड कुठून आला ते कळत नाही, दुसऱ्या देशापुरता निघू शकतो किंवा नंतर रद्द होऊ शकतो, आणि मग दुकान मदत करत नाही. हंबल बंडल ही साइट वेगळी, ती अधिकृत आहे.

मुलुंडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. फॅमिली करून टाकली. स्टीमवर स्टारड्यू घेतला, लेक कालपासून पार्सनिप लावतेय. गॉगवर शॅडो टॅक्टिक्स घेतला, इन्स्टॉलर बाहेरच्या डिस्कवर ठेवला. आता सिल्कसाँगचं नाव सगळीकडे ऐकतोय, लेकीलाही हवाय. त्याला गेमपॅड लागतोच का? आणि खरंच एवढा अवघड आहे?

परळचा

लागतोच असं नाही, माउसचं कामच नाही, सगळं कीबोर्डवर होतं. पण घरात पॅड असेल तर तोच वापरा, बोटं कमी दुखतात. अवघड आहे, खोटं सांगत नाही. सुरुवातीला आयुष्याचे पाचच मुखवटे, आणि बरेच शत्रू एका फटक्यात दोन काढतात. लोक अडतात ते उडी मारून खाली वार करण्यात, कारण सुरुवातीच्या हंटर क्रेस्टमध्ये (क्रेस्ट म्हणजे लढायची पद्धत) तो वार तिरका पडतो. वॉन्डरर क्रेस्ट लवकर शोधा, त्यात वार सरळ खाली जातो. एखादा मोठा शत्रू हटत नसेल तर त्याला तिथेच सोडून दुसऱ्या वाटेने जा. नकाशा एवढा मोठा आहे की दुसरी वाट बहुतेक वेळा सापडतेच.