पहिल्या सरीवर पेरणी उरकली. आता मोडावी का?

प्रश्न:
मृग लागताच एक दणकट सर आली आणि शेजारच्या रानात तिफण फिरताना पाहून मीही चार एकर सोयाबीन पेरून मोकळा झालो. त्यानंतर बारा दिवस पावसाने पाठ फिरवली आहे. उगवण विरळ असून माती उकरली, तर काही दाणे फुगून कुजलेले दिसतात. सगळे मोडून दुबार पेरणी करावी का?

उत्तर 1:
उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे आपल्या सगळ्यांचेच होते. पण एक घाई निस्तरण्यासाठी दुसरी करू नये. 45 सेंटिमीटरच्या ओळीत मीटरमागे सुमारे 20 रोपे अपेक्षित असतात, तेव्हा शेतात सात-आठ ठिकाणी मोजून पाहावे आणि निम्म्याहून बरीच अधिक रोपे तग धरून असतील, तर नांगे भरण्यावर, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोकण्यावर, भागवावे.

उत्तर 2:
75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो, कारण एका सरीने वरची चार बोटे माती भिजते आणि खालची तापलेली जमीन ती ओल दोन दिवसांत ओढून घेते. मोडायचेच ठरले, तरी पुरेशी ओल होईपर्यंत थांबावे. सोयाबीनला जुलैच्या मध्यापर्यंत वेळ आहे.

उत्तर 3:
बियाणे घरचे असेल, तर आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी.

प्रश्नकर्ता:
बियाणे घरचेच होते आणि तपासले नव्हते. आजच गोणपाट भिजवतो.