काउंटरने समोरच्याचाच जोर परत मारावा का?

पाचपाखाडीचा_पंच: रविवारी नेरूळला मित्राकडे 'स्मॅश अल्टिमेट' हा फायटिंग व्हिडिओ गेम खेळताना पेटलेला वाद इथे आणतोय. काउंटर म्हणजे येणारा फटका अडवून उलट मारणारी मूव्ह. माझं म्हणणं, त्याचं डॅमेज ठराविकच हवं. (इथे डॅमेज टक्क्यांत साठतं; टक्के जास्त तितकं पात्र लांब उडतं.) याच मालिकेतल्या 'स्मॅश मेले'त (२००१) मार्थ या पात्राने काहीही अडवलं तरी ७ टक्केच परत जायचे. 'अल्टिमेट'मध्ये तो आलेल्या फटक्याच्या १.२ पट परत देतो, रॉय हे पात्र तर १.३५ पट. २० चा स्मॅश (जोरदार फटका) मारला की मार्थकडून २४ परत!

त्यात नॉकबॅकच्या (फटक्याने किती लांब उडायचं त्याच्या) सूत्रात डॅमेज दोनदा शिरतं. पहिला भाग असा: (प ÷ १०) + (प × ड ÷ २०). 'ड' म्हणजे फटक्याचं डॅमेज, 'प' म्हणजे ते धरून झालेले टक्के. समोरचा ६० वर असेल तर २४ च्या काउंटरला १०९.२ येतात, ७ च्या काउंटरला ३०.१५. (एकास एक मॅचचा जादा गुणक धरलेला नाही.) एवढा जोर आला कुठून? ज्याला उडवलं त्याच्याच खिशातून. काउंटरवाल्याने बटण दाबलं, बस.

ऐरोलीची_ल्युसिना: अरे, पण २० चा स्मॅश मारायला सांगितलं कोणी? काउंटर दिसतोय तर ग्रॅब कर (पकड), ग्रॅबला काउंटर लागतच नाही. नाहीतर थांब, तो फुकट जाऊ दे आणि मग हाण. नाहीतर जॅबवर (हलक्या झटपट फटक्यावर) भागव.

पाचपाखाडीचा_पंच: जॅबमध्येच तर गोम आहे. ३ चा जॅब अडवला तर हिशेबाने ३.६ परत यायला हवेत. येतात ८, कारण मार्थचं किमानच ८ आहे. म्हणजे जपून खेळणाऱ्यालाच पटीने जास्त दंड.

कोपरखैरणेकर: दोघंही पात्रांचं वजन विसरलात. तुझ्या त्या बेरजेला पुढे २०० ÷ (वजन + १००) ने गुणतात. बाउझरचं वजन १३५, म्हणजे ०.८५. पिचूचं ६२, म्हणजे १.२३. काउंटर तोच, पण पिचूला या टप्प्यावर जवळपास दीडपट. जड पात्रं स्वतःच्या जोराने मरतात ही ओरड मला पटत नाही. आणि काउंटरला वर ५० टक्क्यांची मर्यादाही आहे.

तीन_हात_नाका: 'स्ट्रीट फायटर ६' बघा. काउंटर हिटला २० टक्के जास्त डॅमेज, तेही आपल्याच फटक्यावर. वाद मिटला.

ऐरोलीची_ल्युसिना: भाऊ, ते वेगळं. तिथे समोरच्याची मूव्ह सुरू असताना आपली आधी लागते, अडवून परत देणं नाही ते.

आणि पंच, तुझंच सूत्र घे. ठराविक ७ ठेव आणि समोरच्याला १५० वर ने. बेरीज ७०.६५. म्हणजे ६० वर बसलेल्या २४ पेक्षाही बरीच कमी. वेळ साधून एवढी जोखीम घ्यायची, आणि हातात काय, टपली? 'मेले'तच रॉयला १.५ पट होतं, तेव्हा दोन्ही पद्धती एकाच गेममध्ये नांदत होत्या.

पाचपाखाडीचा_पंच: मग पट राहू दे. पण ते किमान ८ काढा, त्याची बाजू अजून कुणीच घेतलेली नाही.