मदत हवी आहे: टूडी गेमसाठी हिरकणीचं कॅरेक्टर, रेडीमेड स्प्राइट (पात्राची तयार चित्रं) घ्यावेत की नव्याने काढून घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

मी गोडो ४ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर एक छोटा टूडी गेम करतेय, विषय हिरकणी. कोजागिरीची रात्र, रायगडाचे दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ आणि ही कडा उतरून खाली निघालीय. गोष्ट सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे त्यामुळे परत सांगत नाही. गेम म्हणजे फक्त ती उतरण. कोडिंग बरंचसं झालंय, कपारीत पाय रोवणं, हात निसटणं, दमणं हे सगळं सध्या एका राखाडी चौकोनावर चालतंय. घोडं अडलंय ते कॅरेक्टरपाशी. स्थिर चित्र मला बऱ्यापैकी काढता येतं पण ॲनिमेशनचा हात नाही, आणि बजेट जेमतेम.

रेडीमेडमध्ये बरंच शोधलं. केनी या साइटचे चित्रांचे पॅक सीसी झीरो (हक्क सोडून दिलेले) आहेत, श्रेय द्यायचंही बंधन नाही, पण त्यातली माणसं खेळण्यातल्यासारखी गोलमटोल, या गोष्टीला ती शोभत नाहीत. ओपनगेमआर्ट या साइटवर एलपीसीची माणसं आहेत (२०१२ च्या लिबरेटेड पिक्सेल कप या स्पर्धेतून आलेली), ६४ बाय ६४ पिक्सेलच्या फ्रेम (हालचालीतलं एकेक चित्र), चारही दिशांना चालणं, कपडे-केस बदलायची सोय. पण ती किंचित वरून पाहिल्यासारखी काढलीत आणि माझा गेम सरळ बाजूने दिसतो, शिवाय मूळ शीटमध्ये तलवार, धनुष्य, मंत्र टाकणं सगळं आहे, कडा उतरणं नाही. विकतच्या पॅकमध्ये बाई म्हटली की एकतर चिलखत नाहीतर झगा. नऊवारी नेसलेली गवळण कुठेच नाही.

आता नेमकं कुठे अडलंय ते सांगते.

एक, कड्याचे टाइल (ज्या चौकोनी तुकड्यांनी कडा रचलाय ते) ३२ बाय ३२ चे आहेत. पॅकमधलं माणूस त्यापुढे लहान दिसतं म्हणून दीडपट केलं तर काही पिक्सेल एकाचे राहतात काही दोनाचे होतात, चेहऱ्यावर एक डोळा बारीक आणि एक रुंद.

दुसरं, आणि हे मला जास्त खुपतंय. सगळे सांगतात की उजवीकडे बघणारी फ्रेम काढ आणि डावीकडे जाताना फ्लिप कर, म्हणजे आरशासारखी उलटव. पण पदर डाव्या खांद्यावर असतो ना, फ्लिप केला की तो उजव्या खांद्यावर जातो! आपल्याकडच्या कुठल्याही बाईला ते लगेच दिसेल.

तिसरं, फ्रेम बाय फ्रेम करू की हाडं लावून, म्हणजे कळसूत्री बाहुलीसारखे हात-पाय वेगळे करून सांध्यावर फिरवायचे? आणि शेवटचं, कुणाकडून पैसे देऊन काढून घेतलं तर लिहून काय काय घ्यायचं?

प्रतिसाद १

ताई, विषय फार आवडला. पॅक शोधणं आता थांबवा, तुमच्या कामाचं त्यात मिळणार नाही, आणि दोन पॅक जोडून केलेलं दोन हातांचं काम लगेच ओळखू येतं.

आधी साइज पक्की करा. गेमचं मूळ रिझोल्यूशन ६४० बाय ३६० धरा, ते १०८० च्या स्क्रीनवर बरोबर तिप्पट होतं, १४४० वर चौपट, फोरके वर सहापट, कुठेही दीड-अडीच येत नाही. त्यात हिरकणी साधारण ४८ पिक्सेल उंच ठेवा आणि एकदा काढली की स्केलला हात लावायचा नाही, लहान वाटली तर परत मोठी काढायची. गोडो ४ मध्ये टेक्स्चर फिल्टर (चित्र मोठं करताना पिक्सेल कसे दाखवायचे ते) मुळात लिनियर असतो, म्हणजे कडा मऊ करणारा, प्रोजेक्ट सेटिंगमध्ये जाऊन निअरेस्ट (पिक्सेल जसेच्या तसे ठेवणारा) करा नाहीतर सगळं धुरकट दिसेल.

हाडं नकोत. हाय रिझोल्यूशनच्या रंगवलेल्या चित्राला ती छान चालतात, पण पिक्सेल आर्ट फिरवलं की कडा फाटतात, हात १५ अंशात वळला की दातेरी होतो. फ्रेम बाय फ्रेमच करा.

पदराचं अगदी बरोबर बोललात. पण बघा, गेमचा बहुतेक वेळ ती कड्याकडे तोंड करून आहे म्हणजे आपल्याला पाठ दिसते, तिथे डावा-उजवा फ्लिप लागतच नाही. उतरण्याच्या ६ फ्रेम लागतील. ३ काढून उरलेल्या ३ आरशासारख्या उलटवाव्या असा मोह होईल, तेव्हा पाठीवरचा पदरही उलटेल. म्हणून एसप्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये धड एका लेयरवर (थरावर) आणि हात-पाय दुसऱ्या लेयरवर ठेवा, हात-पाय उलटवायचे, धड तसंच. कपारीवरून चालायच्या फ्रेममध्ये धडाचा लेयर दोनदा रंगवा: उजवीकडे चालताना तिची उजवी बाजू आपल्याकडे असते, पदराचा खांदा पलीकडे जातो, डावीकडे चालताना तो समोर येतो. काम थोडं वाढतं पण करण्यासारखं आहे.

आणि पदर कमरेला खोचलेला दाखवा. कडा उतरणारी कष्टकरी बाई तो मोकळा सोडणारच नाही, आणि तुमचं दर फ्रेमला कापड फडकवायचं काम वाचेल.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, फक्त रंगाचं सांगतो. चांदण्याची रात्र आणि काळा कातळ, त्यावर गडद लुगडं हरवून जाईल. आकृती पूर्ण काळी भरून बघा, नुसत्या बाह्यरेषेवरून अंबाडा, काष्टा आणि वाकलेला गुडघा ओळखू आला तर पुढे जा. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये मारिओला टोपी आणि मिशी दिली ती याच अडचणीतून, एवढ्याशा जागेत केस आणि तोंड नीट काढता येत नव्हतं. तुमच्याकडे टोपीच्या जागी लुगड्याचा काठ आहे. काठाला एकच उजळ रंग द्या, दुसरीकडे कुठेही तो वापरू नका, मग स्क्रीनवर नजर आपोआप तिच्यावर जाईल.

काढून घेणार असाल तर करार लेखीच करा, फोनवरचं बोलणं धरू नका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी लागतात, त्यात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुम्ही गेम ऑनलाइन टाकणार म्हणजे जगभर जाणार, त्यामुळे दोन्ही स्पष्ट लिहा. लेयर असलेली मूळ फाइल मिळणार हेही लिहा, नुसती पीएनजी घेऊन पुढे एक फ्रेम बदलता येत नाही. आणि चित्रकाराचं नाव गेममध्ये ठळक द्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! खोचलेला पदर पटला, एकदम पटला. ठरवलंय की उभी पोझ, रंग आणि काठ मी स्वतः काढणार आणि उतरण्याच्या, चालण्याच्या, हात निसटण्याच्या फ्रेम एका ॲनिमेटरकडून करून घेणार, म्हणजे बजेटमध्येही बसेल.

आता एकच मदत. काष्टा पाठीमागून कसा दिसतो, विशेषतः एक पाय वर आणि एक खाली असताना ताण कुठे येतो, याचे फोटो मिळत नाहीयेत, सगळे लग्नातले समोरून काढलेले. शेतात भात लावताना किंवा चढावर चालताना पाठमोरे काढलेले फोटो कुणाकडे असतील, आणि फोटोतल्या बाईंची हरकत नसेल, तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चेहरा दिसायची गरज नाही.