पूर्वजांच्या शोधात कबरस्तानापर्यंत : तुमचे अनुभव लिहा

पुणे (मूळ गाव नगर जिल्ह्यात)

घराण्याची माहिती जमवायला बसलं की पहिल्या दोन-तीन पिढ्या पटकन हाती लागतात. आजोबांची भावंडं सांगणारं कुणीतरी असतं, पणजीचं माहेर एखाद्या आत्याला ठाऊक असतं. त्याच्या मागे कागद संपतात. आमचे संपले तेव्हा पुढची वाट दगडांनी दाखवली.

आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्ती झालं. मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत आली, नगरला त्यांचं ठाणं १८३१ मध्ये बसलं. त्यामुळे जिल्ह्यातल्या मिशनच्या गावांत चार-पाच पिढ्यांच्या कबरी एकाच आवारात सापडतात. आमच्या आवारातल्या सर्वांत जुन्या दगडांवर आडनाव नाही. नुसतं नाव, आणि खाली 'पाळक', 'शिक्षक' किंवा 'बायबलबाई' (बायकांना बायबल वाचून दाखवणारी). आडनाव येतं ते मुलांच्या पिढीच्या दगडावर. मग कुणाचा मुलगा कोण, हे जुळवायचं कसं? आम्ही ते दगडांवर कोरलेल्या बायबलमधल्या वचनांवरून जुळवलं. तीन कबरींवर 'फिलिप्पै. १:२१' कोरलेलं आहे, आवारात दुसरीकडे कुठेच नाही. मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) बाप्तिस्म्याच्या रजिस्टरशी ताडून पाहिलं तर ते बाप, लेक आणि नात निघाले.

त्याच आवारात एका ओळीत लहानमोठे दगड आहेत आणि जवळपास सगळ्यांवर ऑक्टोबर १९१८. मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझाची साथ तेव्हा ऐन भरात होती. माझ्या आजीची आई त्या ओळीत आहे, शेजारी तिचं तान्हं मूल. घरात सगळे 'बाळंतपणात गेली' एवढंच सांगायचे. अख्खी ओळ वाचल्यावर तिच्या मरणाचा खरा संदर्भ कळला. नुसता तिचा दगड वाचून तो कधीच कळला नसता.

तुमच्यापैकी कुणी असा शोध घेतला असेल तर जरूर लिहा. दफन न करणाऱ्या समाजातल्यांनीही लिहा, कारण शोध त्यांचाही तेवढाच अवघड आहे. एक कळकळीची विनंती: अक्षरं वाचता यावीत म्हणून दगडाला चुना, ॲसिड किंवा तारेचा ब्रश लावू नका. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. त्यानेही पापुद्रे निघायला लागले तर हात आवरता घ्या.

ठाणे (मूळ अलिबाग तालुका)

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्यात सांगतात की पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं, सात जोडपी वाचली आणि बुडालेल्यांना नवगावलाच पुरलं. त्या जागी आज स्मारकस्तंभ आहे. तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवायचे म्हणून गावाने 'शनिवार तेली' नाव दिलं. आडनावं गावांवरून पडली: किहीमकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर. त्यामुळे कुठल्या कबरस्तानात जायचं हे आडनावच सांगेल, असं वाटतं. तसं होत नाही. एकोणिसाव्या शतकात आमची माणसं पलटणीत, गोदीत, रेल्वेत नोकरीला गेली आणि जिथे वारली तिथे पुरली गेली. गावाचं नाव लावणारा माणूस त्या गावात नसतोच. मुंबईत माझगाव, चिंचपोकळी, वरळी इथपासून शोधावं लागतं.

अलिबाग भागातल्या कबरस्तानांत अगदी जुन्या कबरींवर नुसते ओबडधोबड काळे दगड आहेत, अक्षर नाही. लिहिलेले दगड नंतरचे. वर हिब्रू, खाली देवनागरीत मराठी, आणि पुढच्या काळात इंग्रजीही. ज्यांना हिब्रू येत नाही त्यांनी घाबरू नये. माझ्या आजीच्या आजीचा दगड आम्हाला सापडला तेव्हा मलाही येत नव्हतं. नावाची ओळ समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने झिजून गेलेली, महिना आणि तिथीही गेलेली. उरलं होतं फक्त साल, तेही दोन पद्धतींनी.

हिब्रू साल अक्षरांत लिहितात, प्रत्येक अक्षराला किंमत असते. त्या दगडावर होतं ताव, रेश, नून, बेत. म्हणजे ४००, २००, ५० आणि २, मिळून ६५२. वरचे पाच हजार बहुतेक वेळा लिहीत नाहीत, तेव्हा साल ५६५२. खाली मराठीत शके १८१३. हिब्रू वर्ष पावसाळा सरता सरता लागतं, शक गुढीपाडव्याला. ५६५२ लागलं ऑक्टोबर १८९१ मध्ये, शके १८१३ संपलं मार्च १८९२ मध्ये. दोन्ही सालं एकाच दगडावर, म्हणजे मृत्यू त्या सहाच महिन्यांतला! मग सिनेगॉगच्या जुन्या वहीतली तेवढीच पानं चाळली. नाव मिळालं, नवऱ्याचं नाव मिळालं आणि तिचं माहेर चौलचं होतं हेही मिळालं. आमच्या घरात चौलचा उल्लेख कुणी कधी केला नव्हता.

ढोबळ हिशोब हवा असेल तर हिब्रू सालातून ३७६० वजा करा (वर्षाच्या पहिल्या तीनेक महिन्यांसाठी ३७६१), आणि शकात ७८ मिळवा (जानेवारी ते पाडव्यापर्यंत ७९).

१९४८ मध्ये इस्रायल झाला, माणसं तिकडे जाऊ लागली आणि गावोगावच्या आमच्या वस्त्या रिकाम्या होत गेल्या. कबरींना भेट देणारं गावात कुणी उरलं नाही. बऱ्याच ठिकाणी शेजारचे आगरी, कोळी, मुसलमान लोकच आवाराकडे लक्ष ठेवतात. आम्हाला तो दगड दाखवला तोही तिथल्याच एका म्हाताऱ्या बाबांनी. गवत कापून ठेवायला ते कुणाकडून पैसे घेत नाहीत.

अश्दोद, इस्रायल

ठाण्याच्या ताई, हिब्रू वाचायला अडलं तर फोटो इकडे पाठवा. आमच्याकडे उलटी अडचण आहे. माझ्या मुलांना हिब्रू ओळ वाचता येते, पण खालची मराठी ओळ आईला विचारावी लागते. आई रेवदंड्याची. फोनवर फोटो मोठा करकरून तिने तिच्या आजोबांच्या दगडावरचं सगळं वाचून दाखवलं आणि मग तासभर त्या माणसाबद्दल बोलत राहिली. मी ते सगळं रेकॉर्ड केलं. ज्यांच्या घरात असं वाचून दाखवणारं माणूस आहे त्यांनी आजच बसा.

सातारा

आमच्या पणजोबांना कबर नाही. ते पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले आणि परत आले नाहीत. कुत-अल-अमाराचा वेढा डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, त्याच मोहिमेत कुठेतरी गेले असं घरात सांगत. त्या आघाडीवर ज्यांच्या कबरी माहीत नाहीत त्यांचं स्मारक बसऱ्याजवळ आहे. तिथल्या भिंतीवर इंग्रज शिपायाचं नाव आहे, हिंदी शिपायाचं नाही. हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचे पलटणीगणिक नुसते आकडे. शंभर वर्षांनी वाचतानाही याचा संताप येतो.

पण नावं नोंदवहीत आहेत, आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात. आम्हाला पणजोबांची नोंद मिळाली. त्यात पलटण, हुद्दा, तारीख होतीच, शिवाय वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा. कबर नसलेल्या माणसाने आम्हाला आणखी एक पिढी मागे नेलं. शोधताना रोमन स्पेलिंगचे सगळे अवतार टाकून पाहा. कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलंय, घाडगे आणि घाटगे एकमेकांच्या जागी येतात. आडनावाने नाही मिळालं तर गावाच्या नावाने शोधा, आम्हाला तसंच मिळालं.

आणि आपल्या गावात चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत एक लहान संगमरवरी पाटी आहे का, ते जरूर बघा. या गावातून १९१४-१९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यापैकी इतके कामी आले, असा मजकूर असतो. आमच्या पाटीवर रंगाचे थर चढले होते. सरपंचांना सांगितलं, त्यांनी ती नीट उघडी करून घेतली.

दाभोळजवळ, रत्नागिरी

साताऱ्याच्या दादांचं वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही कोकणी मुसलमान. आमच्या कबरस्तानात बहुतेक कबरी कच्च्या, मातीच्या. दोन पावसाळे गेले की उंचवटा बसतो, आणि कुणाची कबर कुठे हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाच माहीत. नाव कोरायची पद्धत आमच्या मोहल्ल्यात जवळजवळ नाहीच. माझे दादा, म्हणजे आजोबा, शबे-बरातला मला बोट धरून न्यायचे आणि प्रत्येक जागेवर थांबून नातं सांगायचे. मी आता त्या आठवणीवरून नकाशा काढलाय. आंब्याचं झाड, विहीर, गडग्याचा कोपरा अशा खुणा धरून.

पण दादांचे वडील त्या नकाशात नाहीत. ते आगबोटीवर खलाशी होते आणि पहिल्या महायुद्धात बोटीबरोबर गेले. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये अशा खलाशांचं स्मारक आहे, समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांची नावं तिथे आहेत. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या घरांना याचा पत्ताच नसतो. ते नाव पाहून मी तिथेच फातेहा पढला. आमच्या घरातून त्यांच्यासाठी कुणीतरी जाऊन उभं राहिलं, याचं फार समाधान वाटलं.

लातूर

आम्ही लिंगायत. आमच्यात बसलेल्या स्थितीत, हाती इष्टलिंग देऊन समाधी देतात. खेड्यात पुष्कळ घरांच्या समाध्या स्वतःच्याच शेतात असतात. आमच्याही बांधाजवळ पाच पिढ्यांच्या होत्या, चौथऱ्यांवर नंदी आणि लिंग. वाटणीत ते शेत चुलत घराण्याकडे गेलं, त्यांनी विकलं. नव्या मालकाने जमीन सपाट केली. सातबाऱ्यावर समाध्यांची नोंदच नव्हती, त्यामुळे विचारायलाही जागा नव्हती. दोन चौथऱ्यांवर कानडीत चार ओळी होत्या. त्यांचा फोटो कुणाकडेच नाही. आमच्या घराण्याची मूळ भाषा कानडी होती याचा तेवढाच लेखी पुरावा होता.

शेतात समाध्या असतील तर खरेदीखत होण्याआधी त्यांचा उल्लेख त्यात करून घ्या. आणि फोटो काढा, या आठवड्यातच.

वसई

सुट्टीत किल्ल्यात येणारे कितीतरी लोक फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीतले दगड धुंडाळत स्वतःचं आडनाव शोधताना दिसतात. सापडलं की फार आनंद होतो. म्हणून हे सांगायलाच हवं: ते दगड बहुतांशी पोर्तुगीज अंमलदार आणि बड्या घराण्यांचे आहेत, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेण्याच्या आधीचे. कित्येकांवर तर कबर त्या माणसाची 'आणि त्याच्या वारसांची' असंही कोरलंय. आपल्या सामवेदी, वाडवळ पूर्वजांना परेरा, लोपीस, डिसोजा ही आडनावं बाप्तिस्म्याच्या वेळी मिळाली. आडनाव एक म्हणून रक्त एक होत नाही.

आपली माणसं पॅरिशच्या आवारात आहेत, आणि तिथे जागा अपुरी. काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि कबर दुसऱ्याला देतात. कायमची विकत घेतलेली कबर थोड्याच घरांकडे असते. म्हणून आमच्याकडे खरा आधार मृत्यूचं रजिस्टर. फादरांना आधी भेटा, वेळ ठरवा, घाई करू नका. आम्हाला रजिस्टरमध्ये घराण्याचं जुनं घरनाव मिळालं, गावात आजही आम्हाला त्याच नावाने हाक मारतात.

कोल्हापूर

आम्ही दहन करणारे, त्यामुळे दगड म्हणजे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड. देवळाबाहेर तीन टप्प्यांचा दगड आहे. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेतायत, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. भाऊबंद त्याला आमचा मूळपुरुष म्हणून शेंदूर लावतात. भाव मला मान्य आहे. पण त्यावर एकही अक्षर नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नसतंच. त्यावरून वंशावळ लिहू नये असं माझं ठाम मत आहे.

आमची खरी वंशावळ दोन ठिकाणी मिळाली. एक, दारावर येणाऱ्या हेळव्यांकडे. ते घराण्याची नावं पिढ्यानपिढ्या म्हणत आलेत, शेवटी आमच्या मुलांची नावंही त्यात घालून गेले. दुसरी, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी बाड काढतात. जुनी पानं मोडीत, पूर्वज स्वतः आले तेव्हा सांगितलेली नावं. पणजोबांच्या हातची सही बघून वडिलांना बोलता येईना. हेळव्याच्या आणि वहीतल्या नावांत एका पिढीचा फरक निघाला, तो अजून सुटलेला नाही. पैठणला किंवा गयेला कुणाला अशी वही मिळाली असेल तर सांगा, ताडून पाहायचंय.

पुणे

लातूरच्या दादा, तुमचं वाचून फार वाईट वाटलं. त्या भागात जुन्या जमीनमोजणीच्या वेळी किंवा लग्नकार्यात कुणी शेतात फोटो काढला असेल, मागे चौथरे आले असतील. जुने अल्बम त्या नजरेने पाहायला नातेवाइकांना सांगाल का?

फोटोंबद्दल दोघांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून लिहिते. दुपारच्या उन्हात झिजलेली अक्षरं दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरपा उजेड पडला की खाचांत सावली भरते आणि ओळ वर येते. दगड सावलीत असेल तर आरशाने ऊन बाजूने टाका, नाहीतर संध्याकाळी टॉर्च दगडाला चिकटवून धरा. एक फोटो पूर्ण दगडाचा, एक अक्षरांचा, एक मागच्या बाजूचा (घडवणाऱ्याचं नाव किंवा दुसऱ्या माणसाची नोंद बरेचदा तिथे असते), आणि दोन्ही शेजारच्या कबरींचा एकेक. आवाराच्या रखवालदाराला आधी सांगा आणि त्यालाही एक प्रत द्या.